परत आलं नाही, म्हणजे पोचलं

"झोपलात का?" हे दोन शब्द माझे आहेत. कुणा ताईचं असं पत्र तुमच्या मेलमध्ये आलं असेल, तुम्ही दचकून ते उघडलं असेल आणि आत गादीची जाहिरात निघाली असेल, तर तेव्हा तुम्ही हासडलेली शिवी माझ्या नावावर जमा आहे. मला तिचं काही वाटत नाही. शिवी दिलीत म्हणजे पत्र उघडलंत. आमच्या धंद्यात न उघडलेल्या पत्राइतकं वाईट दुसरं काही नसतं.

गाद्या-उश्या विकणाऱ्या एका कंपनीसाठी मी अकरा वर्षं ही पत्रं लिहिते आहे. रोज लाखभर लोकांना जातात. खाली सही असते, "तुमची, ताई." ही ताई कुणीही नाही. तरी लोक तिला उत्तरं पाठवतात, पाठदुखी सांगतात, एका विधुराने तर तिला मागणीच घातली होती. त्याला आम्ही डबल बेडची जाहिरात पाठवली.

आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे टक्के म्हणतात. किती जणांनी पत्र उघडलं, किती जणांनी आत बोट लावलं, किती जण पळाले, हे सगळं ते टक्क्यांत बोलतात आणि घरीही तसंच बोलत असावेत. एकदा मी त्यांना बायकोची तब्येत विचारली तर म्हणाले, "ऐंशी टक्के बरी आहे." यादी सांभाळणारा दुसरा एक जण आहे, तो गाळणी. मेलेले, बंद पडलेले, चुकीचे पत्ते रोज गाळून काढायचे हे त्याचं काम. तो फार बोलत नाही.

पत्र नको असलेल्यांसाठी तळाशी बारीक करड्या अक्षरांत एक ओळ असते: "ही पत्रं नको असतील तर इथे दाबा." ऑफिसात आम्ही तिला शेपटी म्हणतो. शेपटी दाबली की एक पान उघडतं, "जाऊ नका ना! ताईचं काय चुकलं?" तेही मीच लिहिलंय. खाली एक रिकामा चौकोन असतो, मनातलं लिहायला. लोक त्यात जे ओकतात ते टक्के दर सोमवारी साडेनऊला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवतात. कुणी लिहिलं ते सांगत नाहीत, फक्त मजकूर वाचतात. याला आमच्याकडे शिव्यांचा तास म्हणतात. ज्याच्या पत्राला सगळ्यात भारी शिवी पडेल त्याला कंपनीतर्फे एक उशी मिळते. माझ्याकडे चौदा उश्या आहेत.

एका बाईने लिहिलं होतं, "माझा नवरा काल गेला आणि आज तुम्ही मला विचारताय झोपलात का." त्या वेळी हसू यायला जरा उशीर लागला. पण आलं. त्या पत्राची उशी माझी आई वापरते.

हे मी आईला हसत हसत सांगितलं होतं. घरी आल्यावर शिव्यांचा तास तिला रंगवून सांगायची मला सवय होती. ती कधीच हसली नाही. म्हणायची, "कुणीतरी बसून लिहिलेलं असतं ना ते? मग नीट वाचावं." हे ती म्हणणारच. छापखान्यात तीस वर्षं तिने मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांवर लाल रेघ मारायची, हा तिचा धंदा आणि स्वभावही. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी समोर आलेला कागद ती शेवटच्या टिंबापर्यंत वाचते. औषधाच्या खोक्यावरचं, साबणाच्या वेष्टनावरचं, विजेच्या बिलामागच्या अटी, सगळं. माझी गाद्यांची पत्रंसुद्धा. पडद्याला भिंग लावून वाचते आणि म्हणते, "छान लिहितेस हो. अगदी घरच्यासारखं वाटतं."

भिंग लागतं, कारण तिला काचबिंदू आहे. उजवा डोळा निम्मा गेला, डावा त्याच वाटेवर. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची तर ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं, मी चार महिने समजावलं, आणि पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून शेवटी एकदाची ती तयार झाली. तारीख ठरली. बारा, गुरुवार.

आता दादाबद्दल सांगायला हवं. घरात सगळं फिरून त्याच्यावरच येतं.

दादा नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेला. भांडण आईशीच झालं होतं. रागाच्या भरात आई म्हणाली, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." असं प्रत्येक आई वर्षातून दोनदा म्हणते आणि मुलं जेवायच्या वेळी तोंड दाखवतात. याने दाखवलं नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात तसा मग तो वर्षागणिक अधिकच साजरा होत गेला. मी तिची नखं कापते, दिवसातून तीनदा तिच्या डोळ्यांत थेंब घालते, आणि थेंब घालताना ती म्हणते, "दादाचा हात हलका होता." दादाने जन्मात कुणाच्या डोळ्यांत थेंब घातला नव्हता. धूळ मात्र घातली होती. पण हे बोलायचं कुणाला?

दर शुक्रवारी चार वाजता आई त्याच्या जुन्या पत्त्यावर मेल लिहायची. पहिली काही वर्षं उत्तर नाही, काही नाही. मग पत्रं परत यायला लागली. मिनिटभरात यंत्राचा निरोप यायचा, असा पत्ता अस्तित्वात नाही. आई तो निरोपही भिंग लावून वाचायची आणि "आलं परत" म्हणून चहा टाकायला उठायची. अशी तीन वर्षं गेली. मला वाटायचं, निदान हिला कळलंय तरी.

ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारी मी घरीच होते. चारला तिने पत्र पाठवलं आणि पडद्यासमोर बसून राहिली. साडेचार झाले, पाच झाले. चहा टाकायला ती उठेना म्हणून मीच टाकला.

"परत आलं नाही," ती म्हणाली.

"बरं. मग?"

"मग काय? परत आलं नाही, म्हणजे पोचलं."

मी हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलेली असताना तिने दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली.

"तो आला की करू," ती म्हणाली. "ऑपरेशन बिघडलं तर? डॉक्टरीणबाई स्वतःच म्हणाल्या, शंभरात दोन बिघडतात. मला आधी त्याला नीट बघून घेऊ दे. मग फाडा काय फाडायचं ते."

"आणि तो आलाच नाही तर?"

"पत्र पोचलंय, तर येणारच."

तिच्या उरलेल्या नजरेवर तिने त्याचं नाव लिहून ठेवलं होतं. रोज तिच्यासमोर वावरणारी मी, मला बघून झालं होतं.

त्याच सुमारास ऑफिसात आग लागली. आमची पत्रं एकाएकी लोकांपर्यंत पोचेनात. सगळ्यात मोठ्या मेल कंपनीने आम्हाला काळ्या यादीत टाकलं, "झोपलात का?" थेट कचऱ्यात जाऊ लागलं. उघडणारे चोवीस टक्क्यांवरून दोनवर आले आणि साहेबांचा चेहराही त्याच मापाने उतरला. गाळणीने सांगितलं, यादीत कुठेतरी सापळा शिरलाय.

सापळा म्हणजे काय ते मला तोवर ऐकून माहीत होतं. एखादा पत्ता वर्षानुवर्षं कुणी वापरत नाही, तेव्हा मेल कंपनी तो बंद करते. काही काळ त्यावर आलेली पत्रं परत पाठवते. शहाण्याने काय ते समजावं आणि तो पत्ता आपल्या यादीतून काढावा. पुढे कधीतरी कंपनी तो मेलेला पत्ता गुपचूप पुन्हा उघडते. माणसासाठी उघडत नाही. आमच्यासारख्यांना पकडायला उघडते. मग त्यावर आलेलं पत्र परत जात नाही, आत घेतलं जातं आणि पाठवणाऱ्याच्या नावावर गुन्हा लिहिला जातो. आत वाचणारं कुणी नसतं.

लाखातून एक सापळा शोधायचा तर यादीचे दोन भाग करतात, दोन्हींना वेगवेगळं पत्र पाठवतात, कुठल्या भागाला बोंब होते ते बघतात, आणि त्या भागाचे पुन्हा दोन. गाळणी नऊ दिवस हेच करत होता. नवव्या दिवशी दुपारी तो माझ्या टेबलाशी आला आणि त्याने एक चिठ्ठी ठेवली.

"हा पत्ता ओळखीचा आहे?"

पत्त्यात आमचं आडनाव होतं आणि दादाचं जन्मवर्ष.

"कुणी घातला यादीत?" मी विचारलं खरं, पण विचारताना उत्तर माहीत होतं. आमच्या पत्रांत एक चौकोन असतो, 'तुमच्या माणसालाही ताईचं पत्र पाठवा.' तोही माझ्याच डोक्यातून निघालेला.

"तुझ्या आईने," गाळणी म्हणाला. "सात वेळा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. दादाला पत्र पोचतंय म्हटल्यावर बाईंनी त्याला गाद्यांची पत्रंही सुरू करून दिली होती. धाकटीचं लिहिणं थोरल्याने वाचावं म्हणून. गाळणीने पत्ता काढून टाकला, पुन्हा शिरणार नाही अशी सोय केली आणि साहेबांना सांगितलं, जुन्या यादीतला कचरा होता. दोन दिवसांत आमची पत्रं पुन्हा वाहू लागली. ऑफिसचं संकट टळलं. माझं घरी बसलं होतं.

डॉक्टरीणबाईंना भेटून आले. त्या म्हणाल्या, "तीन आठवडे. त्यानंतर आणलंत तर मी फक्त काठी कशी धरायची ते शिकवीन." मी घरी जाऊन आईला सरळ सांगितलं.

"आई, त्या पत्त्यावर कुणी नाही. मेल कंपनीने त्याचा सापळा केलाय. आमच्यासारख्यांना पकडायला."

"तुमच्यासारख्यांना ना? मी कुठे गाद्या विकते?"

"अगं, पत्र कुणाचंही असो, ते तिथे नुसतं पडून राहतं. कुणी वाचत नाही."

"तुला कसं कळलं, वाचत नाही ते?"

"माझा धंदा आहे तो!"

"तुझा धंदा मला माहीत आहे," आई म्हणाली. तिने भिंग पुसून डब्यात ठेवलं. "रोज लाख लोकांना खोटं लिहायचं. झोपलात का म्हणून विचारायचं. तुला कुणाच्या झोपेची पडलीय? नवरा गेलेल्या बाईवर हसून उशी जिंकून आलीस, आणि मला दिलीस ती झोपायला. मी तुझं का ऐकू?"

मी तिच्या थेंबांची बाटली उघडली.

"तुला तो नकोच होता," ती म्हणाली. "लहानपणापासून."

हे मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत सगळे खाली गेले तेव्हा मी टेबलाशीच बसले. ऑफिसच्या यंत्रात पाठवणाऱ्याचं नाव म्हणून काहीही घालता येतं. आम्ही ताई घालतो. मी दादाचं नाव घातलं. यादीत एकच पत्ता घातला, आईचा.

आमच्याकडे कुठलंही पत्र दोन प्रकारे लिहायची पद्धत आहे. एक गोड, एक टोचणारं. दोन्ही थोड्या थोड्या लोकांना पाठवून बघायची आणि जे जास्त चालेल ते सगळ्यांना सोडायचं. सवयीने मी इथेही दोन लिहिली. पहिल्यात दादा म्हणत होता, "आई, तुझी पत्रं मिळतात. आधी डोळ्यांचं करून घे, मग मी येतो." चांगलं पत्र होतं. तिने ऐकलं असतं. ऑपरेशन झालं असतं आणि डोळ्यांवरची पट्टी सुटल्या दिवसापासून ती दारात बसली असती. दर शुक्रवारी मला दादा होऊन उत्तर लिहावं लागलं असतं, ती मरेपर्यंत. आणि तिच्या प्रत्येक वाक्यात तो थोडा थोडा आणखी चांगला होत गेला असता. मी लिहिलेला.

दुसरं असं होतं:

"आई, पत्रं मिळाली. यापुढे लिहू नकोस. तोंड दाखवू नकोस म्हणालीस, ते मी नऊ वर्षं पाळलंय. आता तूही पाळ. मी येणार नाही. माझ्यासाठी डोळे राखून ठेवू नकोस, बघण्यासारखं काही नाही. तुझं बघणं तेव्हाही चुकलंच होतं. डॉक्टरला दाखव."

खरं सांगते, हे लिहिताना मला मजा आली. अकरा वर्षांत एका बैठकीत, एकही शब्द न खोडता लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. आणि यातलं "येणार नाही" मला नवं नव्हतं. दादा गेला त्याच्या आठव्या दिवशी त्याने मला मेल केला होता, "आईचा राग गेला का? येऊ का?" आईचा राग दुसऱ्याच दिवशी गेला होता. ती त्याचं ताट वाढून ठेवत होती. मी उत्तर लिहिलं, "नाही गेला. येऊ नकोस." त्याची खोली मला मिळाली होती, आईही जरा मिळेल असं वाटलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदाच सांगते आहे.

दुसरं पत्र निवडलं, कळ दाबली. पुढचं यंत्र आपोआप करतं, त्याकडे आम्ही बघतही नाही.

संध्याकाळी घरी गेले तर आई खिडकीपाशी बसलेली. भिंग मांडीवर. माझी चप्पल वाजली तशी म्हणाली, "पत्र आलं दादाचं."

"अरे वा! काय म्हणतो?"

"मोठं आहे. खालपर्यंत वाचलं."

मी पाठ फिरवून पिशवीतली भाजी काढत राहिले. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. तिचा आवाज छापखान्यातल्यासारखा होता, कोरडा आणि स्वच्छ.

"दवाखान्यात फोन केला मी," ती म्हणाली. "सोमवारची तारीख मिळाली. अकरा वाजता."

मी जिंकले होते. एवढं साधं होतं, चार महिने उगाच डोकं फोडलं. "मी रजा टाकते," मी म्हटलं.

"नको. सोमवारी तुमचा तास असतो ना शिव्यांचा? चुकवू नकोस. मला शेजारीण सोडेल. तू तो संपवून ये."

"अगं, तास काय, कधीही..."

"चुकवू नकोस," ती म्हणाली आणि झोपायला गेली. मला तेव्हा भरून आलं. इतक्या वर्षांत तिने माझ्या कामाची पहिल्यांदा कदर केली, असं मला वाटलं. त्या आठवड्यात थेंब घालताना तिने दादाच्या हाताचं नाव काढलं नाही. मी तिच्यासाठी मऊ सुती गाऊन आणला, हिरवा. ती म्हणाली, "चांगला आहे." रविवारी मी तिचे केस धुऊन दिले, ती गुमान बसली. नऊ वर्षांत एवढं सुख मला तिच्याकडून मिळालं नव्हतं.

सोमवारी साडेनऊला टक्के कागद घेऊन उभे राहिले. आधी तीन-चार साध्याच शिव्या झाल्या. एकाने आमच्या गादीला दगड म्हटलं होतं, एकाने आमच्या सात पिढ्या काढल्या होत्या. मग टक्के म्हणाले, "आता ऐका. हे वेगळंच प्रकरण आहे. गादीवाल्यांना कुणीतरी घरचं पत्र लिहिलंय." चष्मा सारखा करून, नाटकी आवाज काढून ते वाचायला लागले.

"'पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. माझा मुलगा रागीट आहे, पण आईच्या डोळ्यांची चेष्टा तो करणार नाही.'"

लोक फिसफिसायला लागले. मीही हसले. अकरा वर्षांची सवय आहे, तोंड आपोआप हसतं.

"'ती माझी मुलगी करेल. शिवाय, ही पत्रं नको असतील तर इथे दाबा, असं कुठला मुलगा आईच्या पत्राखाली लिहील?'"

आता हशा फुटला. कुणीतरी टेबल बडवलं. माझं हसू अजून तोंडावरच होतं, ते खाली कसं आणायचं ते मला कळेना. शेपटी. यंत्र प्रत्येक पत्राला आपोआप लावतं ती शेपटी. अकरा वर्षं रोज तीच बघून मला ती दिसेनाशी झाली होती, आपलंच नाक आपल्याला दिसत नाही तशी. आणि आई ती भिंग लावून वाचत बसली होती, अर्ध्या डोळ्याने.

"'म्हणून दाबलं. आता मुलीकडचं काहीही मला पाठवू नका. कधीच. हे सोमवारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा, तिला तो तास फार आवडतो.'" टक्क्यांनी कागद खाली ठेवला आणि डोळे पुसले. "बाईला आपला तासही माहीत आहे! शंभर टक्के वेडी. उशी कुणाची? ताईचीच. म्हणजे पुन्हा तुझीच!"

टाळ्या पडल्या. मी उठून उशी घेतली. पंधरावी.

गाळणी हसला नव्हता. तास संपल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. कुठल्या पत्त्यावरून काय आलं ते त्याला दिसतं.

"तक्रार आली की पत्ता त्याच दिवशी काढावा लागतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी काढू, की तू काढतेस?"

मीच काढला. यंत्र विचारतं, "हा पत्ता कायमचा काढायचा? ही कृती मागे घेता येणार नाही." हो म्हटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपारचा दीड वाजला. उशी हातातच राहिली होती, कुठे ठेवावी हे सुचलं नाही.

दवाखान्याच्या खिडकीशी एक नर्स बसली होती. मी आईचं नाव सांगितलं. तिने यादीवरून बोट फिरवलं.

"तुम्ही कोण?"

"मुलगी."

"थांबा हं." तिने अर्ज काढला. आईचं अक्षर मला उलट्या बाजूनेही ओळखू आलं. लहान, उभं, एकही खाडाखोड नाही. "इथे मुलगी लिहिलेली नाही. जवळचा नातेवाईक, मुलगा. मेलचा पत्ता दिलाय."

"अहो, मीच असते त्यांच्याबरोबर. मीच घालते थेंब. ऑपरेशन कसं झालं तेवढं सांगा."

"तसं सांगता येत नाही. आजींनी सहीनिशी लिहून दिलंय, मुलाशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, आत सोडायचं नाही. मी विचारलंसुद्धा त्यांना, बरोबर दुसरं कुणी नाही का म्हणून. नाही म्हणाल्या."

"दिसतंय का तिला?"

नर्सने माझ्याकडे पाहिलं. वाईट बाई नव्हती. "जे झालं ते सगळं त्यांच्या मुलाला कळवलंय," ती म्हणाली.

"तो पत्ता बंद आहे. तिथे कुणी नाही."

तिने वळून पडद्यावर पाहिलं, पुन्हा एकदा खात्री केली आणि मला धीर द्यावा तसं म्हणाली, "नाही हो. पाऊण तास झाला पाठवून. परत आलं नाही, म्हणजे पोचलं."

माझ्यामागे रांग होती. मी बाजूला झाले आणि बाकावर बसले, उशी मांडीवर घेऊन.